नाला कोणाचा?



वाकोल्याच्या माणसाला २६ जुलै २००५ ची आठवण करून द्यावी लागत नाही. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी फुगली आणि तिला मिळणारा वाकोला नालाही. त्या रात्री मुंबईकराने अनोळखी माणसाला दार उघडले. संकटात आपण एक होतो, यात शंका नाही. प्रश्न आहे तो उरलेल्या ३६४ दिवसांचा.

"आम्ही कर भरतो, नाला आम्ही का पाहावा?" असे पुष्कळजण विचारतात. प्रश्न रास्त आहे. गाळ काढणे हे महापालिकेचेच काम. ते आपण अंगावर घ्यावे असे मी म्हणत नाही. पण काम झाले की नाही, हे पाहणार कोण? २०११ च्या शिरगणतीप्रमाणे मुंबईची वस्ती सुमारे १ कोटी २४ लाख, आणि नगरसेवक २२७. म्हणजे एकामागे जवळजवळ ५५ हजार माणसे! तो भला असला, तरी गल्लीगल्लीचे गटार त्याला कसे दिसावे? आणि मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर तर तीन वर्षांहून अधिक काळ नगरसेवकच नव्हते. कारभार प्रशासकाकडे होता.

मार्ग नाही असे नाही. घाटकोपरच्या जोशी गल्लीतील रहिवाशांनी कचऱ्याची व्यवस्था स्वतः लावली. त्याच वाटेने महापालिकेची 'प्रगत परिसर व्यवस्थापन' योजना पुढे आली. जुहूच्या नागरिकांनी २००७ मध्ये पक्षांबाहेरचा आपला उमेदवार, अ‍ॅडॉल्फ डिसोझा, निवडून आणला. १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या दिल्या. पूर आला त्याच २००५ साली माहितीचा अधिकारही आला: दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर.

माझी मागणी लहान आहे. प्रत्येक गल्लीने तिघे निवडावेत. त्यांत एक तरी गृहिणी असावी, कारण पाणी प्रथम तिच्या स्वयंपाकघरात शिरते. त्यांनी एक वही ठेवावी: तक्रारीची तारीख, क्रमांक, आणि पुढे काय झाले. मे महिन्यात नाल्याच्या काठी जाऊन गाळ स्वतः पाहावा. एकट्याची तक्रार कागद ठरते; शंभर घरांची वही टाळता येत नाही.

मत पाच वर्षांतून एकदा द्यायचे असते, लक्ष मात्र रोज. पुढच्या वसंतात येथे भेटू, तेव्हा माझ्या भाषणाऐवजी त्या वह्यांचे वाचन व्हावे, एवढीच इच्छा.