रंग पाहावा, पण कानही तपासावा
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कापूस निघाला की आमच्या लोहाऱ्याच्या आसपास शेतांत मेंढरं बसवतात. कळपाबरोबर दोन-तीन कुत्री असतातच. एक काळं, एक तांबडं, एखादं बांडं. एका मेंढपाळाला मी विचारलं, ‘दादा, कुत्रा निवडताना रंग पाहता का?’ तो हसून म्हणाला, ‘रंगाले काय करता जी? राती लांडगा आला त भुकला पाह्यजे.’

आपल्याकडे रंगाचा उपयोग नावापुरता. पट्टे असले की वाघ्या, कपाळावर पांढरा ठिपका असला की चांद्या. डोळ्यांच्या वर तांबूस ठिपके असले, तर कुत्रा चार डोळ्यांचा दिसतो. ऋग्वेदात यमाचे दोन्ही कुत्रे असेच चार डोळ्यांचे आणि शबल, म्हणजे चितकबरे, सांगितले आहेत.

आता शहरांत मेंढ्या राखणाऱ्या परदेशी जातींची हौस आली आहे. बॉर्डर कॉली ही इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरची. ऑस्ट्रेलियन शेफर्ड मात्र नावालाच ऑस्ट्रेलियन. ही जात घडली अमेरिकेच्या पश्चिम भागात. तिचे मूळ रंग दोनच, काळा आणि तांबडा. डोळे तपकिरी, घारे किंवा निळे. कधी एक तपकिरी, एक निळा.

या जातींत ‘मर्ल’ नावाचा प्रकार असतो. त्यात मूळ रंग जागोजाग फिका पडतो आणि मधे गडद डाग राहतात. काळ्याचा निळसर करडा होतो. डोळाही पुष्कळदा निळा होतो. हा बदल कोणत्या जनुकामुळे होतो, ते २००६ साली उलगडलं. आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच तो आला, तर पिल्लू बहुधा निरोगी असतं. निळ्या डोळ्याने दिसतंही नीट. पण दोघेही मर्ल असतील, तर प्रत्येक पिल्लाला तो दोन्हीकडून मिळण्याची शक्यता चारात एक. असं पिल्लू बरंचसं पांढरं जन्मतं आणि पुष्कळदा बहिरं किंवा अधू डोळ्यांचं निघतं.

असं का? गर्भात रंगपेशी कण्याजवळ तयार होतात आणि तिथून अंगभर पसरतात. पंजे, छाती, शेपटीचं टोक हे त्यांचे शेवटचे मुक्काम. तिथवर त्या पोचल्या नाहीत, की केस पांढरे राहतात. त्याने काही बिघडत नाही. पण रंगपेशी आतल्या कानालाही लागतात. तिथे त्या नसल्या, तर ऐकण्याची यंत्रणा जन्मानंतर काही आठवड्यांतच निकामी होते.

माझ्या ओळखीच्या एका घरी असंच पिल्लू आलं. जवळजवळ पांढरंशुभ्र, दोन्ही डोळे निळे. विकणाऱ्याने ‘दुर्मिळ रंग’ म्हणून जास्त पैसे घेतले होते. चार दिवसांनी जेवणाचं ताट हातातून पडलं. घरातले सगळे दचकले. पिल्लू तेवढं शांत झोपून राहिलं. त्या घराने त्याला टाकलं नाही. हाताच्या खुणा शिकवल्या, आणि तो त्या शिकलाही. पण सगळ्याच पिल्लांना असं घर मिळत नाही.

म्हणून सांगणं एवढंच. पिल्लू घेण्याआधी आई-बाप पाहा. दोघेही मर्ल असतील, तर पैसे देऊ नका; गिऱ्हाईक नसलं, की अशी जोडी लावणंही थांबेल. काही कुत्र्यांत मर्ल दिसत नाही, पण रक्तात असतो. तो जनुकीय चाचणीत कळतो. पिल्लू झोपलेलं असताना, त्याला हवा लागणार नाही इतक्या अंतरावरून आवाज करून पाहा. एकाच कानाने बहिरं असेल, तर मात्र हे असं कळणार नाही. त्यासाठी पशुवैद्यकांचा सल्ला घ्या. आणि जन्मतः सगळ्याच पिल्लांचे डोळे निळसर असतात, तेव्हा त्यावर भाळू नका.

रंगावर प्रेम जरूर करा. पण आमच्या मेंढपाळाचा प्रश्न आधी विचारा: कुत्र्याला ऐकू येतं ना, दिसतं ना?