संगणकाची आभासी स्मृती



शाळेतील संगणक मंदावला, की 'आभासी स्मृती बंद करा' असा सल्ला कोणीतरी देतो. तो मानण्यापूर्वी ही स्मृती म्हणजे काय, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

शिक्षकाच्या मेजावर चालू कामाच्या वह्या असतात. उरलेल्या कपाटात ठेवाव्या लागतात. रॅम हे संगणकाचे मेज, तर डिस्क हे कपाट होय. रॅम अपुरी पडू लागली, म्हणजे तूर्त न लागणारी माहिती डिस्कवरील एका राखीव फाइलीत हलविली जाते व गरज पडताच परत आणली जाते. १९६२ साली मँचेस्टर विद्यापीठात सुरू झालेल्या ॲटलस संगणकात ही योजना प्रथम अमलात आली.

विंडोजमध्ये 'ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज'मधील 'परफॉर्मन्स' या भागात 'व्हर्च्युअल मेमरी' अशी नोंद आढळते. फाइलीचा आकार संगणकानेच ठरवावा, ही तेथील मूळची व्यवस्था बहुधा योग्य असते. फाइल अजिबात नको, असे ठरविल्यास रॅम भरताच चालू प्रोग्रॅम बंद पडू शकतात आणि न साठविलेले गुणपत्रक नाहीसे होते. उलटपक्षी, आकार कितीही वाढविला तरी वेग वाढत नाही. कारण रॅमच्या मानाने डिस्क पुष्कळच मंद असते.

तेव्हा प्रथम अनावश्यक प्रोग्रॅम बंद करावेत, डिस्कवर मोकळी जागा राखावी आणि तरीही अडचण राहिल्यास रॅम वाढवून घ्यावी. मुलांच्या वर्षभराच्या श्रमांची नोंद आपल्या हाती सोपविलेली आहे. तिचे रक्षण करणे हे आपले कर्तव्यच होय.