हुंडी आणि संगणकांचें जाळें

धरणगांव ही खानदेशांतील कापसाची जुनी पेठ. अशा पेठांतून पूर्वीं परगांवच्या व्यापाऱ्याचें देणें हुंडीनें भागे. हुंडी म्हणजे कागदाचा चिटोरा. पण तो पाहतांच मुनीम तिजोरी उघडीत नसे. अक्षर ओळखीचें आहे कीं नाहीं, हें तो आधीं न्याहाळी. १०० रुपयांच्या हुंडींत 'निमे ५०, त्यांची दुप्पट' असेंही लिहिलेलें असे. त्यामुळें वाटेंत कोणीं शून्य वाढविलें तर लबाडी उघडकीस येई. शहाजोग हुंडी बाजारांत पत असलेल्या गृहस्थाच्याच हातून वटे. शिवाय हुंडी लिहिणाराचें सूचनापत्र निराळें येई, त्याशीं ती ताडून पाहत.

संगणकांच्या जाळ्याच्या सुरक्षिततेचा पाया याच रीतींत सांपडतो. बोलणारा कोण, आणि त्याचा निरोप वाटेंत बदलला कीं काय, हे प्रश्न तेथेंही तेच. तिसरा, निरोप तिऱ्हाइतानें वाचला कीं काय हा, मात्र आतां अधिक बिकट झाला आहे. कारण जाळ्यांतील निरोप अनेक अनोळखी यंत्रांच्या हातून पुढें जातो. म्हणून तो सांकेतिक रूपांत पाठवावा लागतो.

पहिल्या प्रश्नाचें महत्त्व पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर २०१८ सालीं गुदरलेल्या प्रसंगावरून ध्यानीं येतें. १९०६ सालीं स्थापन झालेली ही बँक. ए.टी.एम.मध्यें कार्ड घातलें म्हणजे तें यंत्र स्वतःच्या अखत्यारींत पैसे देत नाहीं. त्याची पृच्छा 'स्विच' नांवाच्या मध्यस्थ संगणकाकडे जाते, आणि तो खातेवहीकडे विचारणा करून होकार किंवा नकार कळवितो. चोरांनीं बँकेच्या यंत्रणेंत घातक प्रणाली घुसवून या मध्यस्थाच्या जागीं तोतया बसविला. खातेवहीपर्यंत विचारणा पोंचेचना. तोतया परस्पर होकार देऊं लागला. ११ ऑगस्ट रोजीं अवघ्या कांहीं तासांत २८ देशांतील ए.टी.एम.मधून बनावट कार्डांनीं सुमारें १२,००० वेळां पैसे काढले गेले. कांहीं रक्कम भारतांतही निघाली. १३ ऑगस्ट रोजीं स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय निरोपव्यवस्थेंतून आणखी जवळजवळ १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यांत गेले. एकूण रक्कम सुमारें ९४ कोटी. २०२३ सालीं पुण्याच्या न्यायालयानें ११ जणांस दोषी ठरविलें.

जुन्या वाड्याला दिंडीदरवाजा असे, तरी कोठाराला निराळें कुलूप असेच. जाळ्याचेही असेच कप्पे पाडावे लागतात. ज्याला जेवढें काम, तेवढीच परवानगी द्यावी लागते. आणि घटकेपूर्वीं शांत असलेल्या मार्गावर एकाएकीं हजारों मागण्या येऊं लागल्या, तर हटकणारा पहारेकरी हवा. हें शेवटचें काम कंटाळवाणें, म्हणूनच बहुधा दुर्लक्षित.

ही विद्या शिकण्यास मोठ्या शहरींच गेलें पाहिजे असें नाहीं. धरणगांवच्या विद्यार्थ्यानेंही दोन जुने संगणक तारेनें जोडून त्यांवर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली बसवावी. वायरशार्क नांवाच्या साधनानें तारेंतून जाणारे निरोप पाहतां येतात. साध्या 'एचटीटीपी' मार्गानें धाडलेला पासवर्ड स्वच्छ अक्षरांत वाचतां येतो. 'एचटीटीपीएस' मार्गानें धाडला कीं नुसता गिचमिड काला दिसतो. एवढा एक प्रयोग चार व्याख्यानांहून अधिक शिकवितो. मात्र प्रयोग स्वतःच्याच यंत्रांवर करावा. दुसऱ्याच्या संगणकांत परवानगीवांचून अप्रामाणिकपणें शिरणें हा २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यान्वयें गुन्हा असून त्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

घरच्या व्यवहारांत बँकेकडून मोबाईलवर येणारा ओटीपी म्हणजे हुंडीचें तें निराळें सूचनापत्रच. पासवर्ड चोरास सांपडला तरी हें पत्र त्याच्या हातीं नसतें. म्हणून तो गोड बोलून, बँकेचा अधिकारी असल्याची बतावणी करून, तें मागून घेतो. तें देऊन बसलेल्या गृहस्थानें लाजेनें गप्प बसूं नये. १९३० या क्रमांकावर आणि आपल्या बँकेस तत्क्षणीं कळवावें. पैसे एका खात्यांतून दुसऱ्यांत सरकत असतात, आणि ते मध्येंच गोठविण्याची संधि पहिल्या कांहीं तासांतच अधिक असते.