बर्फावरील अवजड पिकअप ट्रक आणि त्याचे टायर

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतांत ऑक्टोबर महिना लागला म्हणजे टायर विकणाऱ्या दुकानांसमोर गाड्यांच्या रांगा लागूं लागतात. त्या रांगांत लहान मोटारींच्या जोडीला एक विशेष प्रकारची गाडी हमखास दिसते. पुढें पांच-सहा माणसांना बसण्यापुरती जागा, मागें उघडा हौदा आणि बहुधा अवजड डिझेल इंजिन, असें तिचें रूप असतें. तिला तिकडे पिकअप ट्रक म्हणतात. त्यांतहि ‘पाऊणटनी’ व ‘एकटनी’ या नांवांनीं ओळखले जाणारे ट्रक जड कामाचे. हीं नांवें जुन्या काळच्या भारक्षमतेवरून पडलेलीं आहेत. आजचे ट्रक त्याहून पुष्कळ अधिक ओझें वाहतात, आणि रिकामे असतांनाहि कित्येकांचें वजन तीन टनांहून अधिक भरतें. सुतार, गवंडी, शेतकरी, तेलविहिरींवरील कारागीर अशा अनेकांचें पोट या गाडीवर चालतें. कॅलगरी व एडमंटन या शहरांतून आतां मराठी कुटुंबेंहि राहतात, आणि त्यांनाहि रस्त्यावर या ट्रकांची सोबत असते.

अशा ट्रकाच्या मालकास हिंवाळ्याचें भय सहसा वाटत नाहीं. इंजिन बलवान, चारहि चाकांना गति देण्याची सोय, आणि गाडी अंगानें धिप्पाड. मग बर्फानें काय बिघडणार, असें तो म्हणतो. त्याचें म्हणणें अर्धें खरें आहे. चारहि चाकांना शक्ति मिळाल्यानें थांबलेला ट्रक बर्फांतून निघतो व चढहि चढतो. परंतु थांबण्याच्या कामीं या सोयीचा फारसा उपयोग नसतो. ब्रेक तर साध्या मोटारीच्याहि चारहि चाकांना असतात. ते चाक थांबवितात, गाडी थांबते ती टायर व रस्ता यांच्यामधील घर्षणानें. पावसाळ्यांत खंडाळ्याचा घाट चढण्यापेक्षां उतरणें अवघड, हें इकडील मालमोटारींच्या चालकांना पक्कें ठाऊक असतें. बर्फावर तीच गोष्ट सपाट रस्त्यालाहि लागू पडते. सहज निघालेली गाडी सहज थांबेल असा भरंवसा वाटूं लागतो, आणि ट्रक जितका जड व वेगवान तितका तो भरंवसा महाग पडतो. म्हणून टायर निवडतांना गाडी निघेल कशी यापेक्षां ती थांबेल कशी, याचा विचार आधीं केला पाहिजे.

थंडींत टायराला काय होतें? रबर हें थंडीनें कठीण होणारें द्रव्य आहे. उन्हाळी टायराचें रबर तापलेल्या सडकेवर लवकर झिजूं नये अशा बेतानें बनविलेलें असतें. हवेचें उष्णतामान सुमारें ७ अंश सेल्सिअसच्या खालीं उतरलें म्हणजे तें ताठर होऊं लागतें, आणि रस्त्याच्या बारीक खांचाखोंचांत शिरण्याचा त्याचा गुण कमी होतो. हिंवाळी टायराच्या रबरांत सिलिका व इतर द्रव्यें मिसळून तें कडाक्याच्या थंडींतहि लवचिक राहील अशी योजना केलेली असते. त्याच्या पृष्ठभागावरील ठोकळ्यांवर सुरीनें कापल्यासारख्या असंख्य बारीक चिरा असतात. त्यांच्या कडा बर्फाला धरतात. खोल चरांत बर्फ भरून घट्ट होतो, आणि बर्फ बर्फाला चिकटत असल्यामुळें तोहि पकडीस मदत करतो. पहिला मानला जाणारा हिंवाळी टायर मालमोटारींसाठींच निघाला, हें ऐकून श्रोत्यांना कदाचित् नवल वाटेल. फिनलंडमधील नोकिया येथील रबराच्या कारखान्यानें १९३४ सालीं तो तयार केला. लहान मोटारींचा टायर त्यानंतर १९३६ सालीं आला.

दुकानांत गेल्यावर मालकाला टायराच्या बाजूवर निरनिराळीं चिन्हें दिसतात. चिखल व बर्फ या अर्थाचीं ‘एम’ आणि ‘एस’ हीं अक्षरें पुष्कळ टायरांवर असतात. परंतु तीं केवळ चरांच्या ठेवणीवरून दिलेलीं असतात, थंडींतील परीक्षेवरून नव्हेत. दुसरें चिन्ह तीन शिखरांच्या पर्वताचें व त्यांतील हिमकणाचें. उत्तर अमेरिकेंत तें १९९९ सालीं सुरू झालें. दाबलेल्या बर्फावर वेग घेतांना, प्रमाण म्हणून ठरविलेल्या टायरापेक्षां निदान १० टक्के अधिक पकड दाखविणाऱ्या टायरासच तें मिळतें. तेव्हां हें चिन्ह नसलेला टायर कडक हिंवाळ्यासाठीं घेऊंच नये. परंतु येथेंहि एक मेख आहे. ही परीक्षा वेग घेण्याची आहे; ब्रेक लावण्याची, वळण्याची किंवा गुळगुळीत गोठलेल्या थरावरची नव्हे. खडबडीत जमिनीसाठीं बनविलेल्या, मोठमोठ्या ठोकळ्यांच्या कित्येक टायरांवरहि हें चिन्ह असतें. ते ताज्या बर्फांत चांगले चालतात. पण त्यांवर चिरा थोड्या असल्या, तर गोठलेल्या चौकांत ते खऱ्या हिंवाळी टायराची बरोबरी करूं शकत नाहींत.

लहान मोटारीची निवड बहुतेक एवढ्यावर संपते. ट्रकाची येथून सुरू होते. त्याच्या टायराला रस्ता धरून शिवाय ओझेंहि वाहावयाचें असतें. त्यासाठीं हलक्या मालमोटारींच्या टायरांना ‘सी’, ‘डी’, ‘ई’ अशा भारश्रेणी दिलेल्या असतात. ‘ई’ श्रेणीचा टायर दहापदरी म्हणून ओळखला जातो. आज त्यांत खरोखर दहा पदर नसतात, जुन्या दहापदरी टायराइतकें बळ मात्र असतें, आणि त्यांत सामान्यतः दर चौरस इंचास ८० पौंडांपर्यंत दाबाची हवा भरतां येते. टायरावर १२५ हा भारांक असला तर तो एकटा १६५० किलोग्रॅम भार पेलतो. मागील धुरेवर प्रत्येक बाजूस जोडचाकें असल्यास मात्र त्याशेजारीं छापलेला १२२ हा अंक धरावयाचा, म्हणजे १५०० किलोग्रॅम. साध्या मोटारीचा मऊ टायर चाकावर बसला तरी तो हें ओझें पेलील असें नाहीं. ट्रकाला लावल्यास त्याची नोंदलेली क्षमताहि १.१ नें भागून कमी धरावी लागते. स्वस्त मिळाला म्हणून तो लावणें म्हणजे घसरण्याचें संकट टाळतांना टायर फुटण्याचें संकट ओढवून घेणें होय. टायराचा आकार, धुरांची भारमर्यादा व हवेचा दाब हीं चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलीं असतात. निवडीचा आरंभ तेथूनच व्हावा.

मोठें ओझें पेलणारा टायर ताठ असतो, आणि ओझें नसलें म्हणजे तोच ताठपणा आड येतो. जड इंजिन पुढें असल्यामुळें रिकाम्या ट्रकाचा बराचसा भार पुढच्या धुरेवर पडतो, व ज्या मागच्या चाकांवर माल लादावयाचा तीं हलकीं राहतात. ८० पौंडांनीं फुगलेला टायर अशा वेळीं मधोमध टेकतो. त्याच्या कडा रस्त्यावर नीट बसत नाहींत. म्हणून सकाळीं माल घेऊन नीट गेलेला ट्रक सायंकाळीं रिकामा परततांना मागून घसरण्याचा संभव अधिक. यावर उपाय दोन आहेत. रिकाम्या फेरींत मागील हवा कारखान्याच्या सूचनेच्या मर्यादेंत कमी ठेवावी. अथवा मागील धुरेच्या वर वाळूचीं पोतीं ठेवावीं. पोतीं पक्कीं बांधलीं पाहिजेत, नाहीं तर ब्रेक लागतांच तींच पुढें आदळतील. शिवाय हिंवाळी टायर चारहि चाकांना, आणि जोडचाकें असल्यास सहाहि चाकांना लावावे. दोनच लावून पैसे वांचविले तर गाडीचें एक टोंक रस्ता धरील व दुसरें सोडील.

जितकी थंडी अधिक तितका रस्ता निसरडा, हा समजहि तपासून घेण्यासारखा आहे. उणें ३० अंशांवरील बर्फ कोरडा असतो. शून्याच्या आसपास मात्र त्यावर पाण्याचा पातळ थर येतो, आणि तो अधिक निसरडा होतो. कॅलगरीकडे रॉकी पर्वतावरून ‘चिनूक’ नांवाचे ऊबदार वारे भर हिंवाळ्यांत येतात. दुपारीं वितळलेला बर्फ रात्रीं पुन्हां गोठून आरशासारखा होतो. अशा रस्त्यासाठीं धातूचे खिळे बसविलेले टायर मिळतात. अल्बर्टांत त्यांस मोकळीक आहे. ऑण्टारिओंत ती मुख्यतः प्रांताच्या उत्तर भागापुरती आहे. आणि अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत तेथील रहिवाशांच्या गाड्यांना ते मना आहेत, कारण उघड्या सडकेची ते झीज करतात. ज्याची वाट बहुतेक साफ केलेल्या सडकेवरून जाते त्याला बिनखिळ्यांचे टायर पुरतात. गोठलेल्या आडरस्त्यानें रोज पहांटे जाणाऱ्यास खिळ्यांचा आधार होतो.

हवेच्या दाबाकडे दुर्लक्ष झालें तर उत्तम निवडहि फुकट जाते. २० अंशांच्या उबदार गॅरेजमध्यें ८० पौंडांपर्यंत भरलेला टायर उणें २० अंशांच्या पहांटे बाहेर उभा राहिला, तर त्यांत सुमारें ६७ पौंडच दाब उरतो. कोठें छिद्र नाहीं, गळती नाहीं, तरी १३ पौंड कमी! पूर्ण माल लादलेल्या ट्रकाला ही तूट सोसण्यासारखी नसते. म्हणून दाब पाहावयाचा तो गाडी निघण्यापूर्वीं, टायर थंड असतांना.

आतां कॅलगरीच्या एका ठेकेदाराचें उदाहरण कल्पावें. त्याला दर आठवड्यास कॅमलूप्सला सामान न्यावयाचें आहे. वाट १६२७ मीटर उंचीच्या किकिंग हॉर्स खिंडींतून व पुढें रॉजर्स खिंडींतून जाते. ब्रिटिश कोलंबिया प्रांतांतील डोंगरी रस्त्यांवर १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल हिंवाळी टायर सक्तीचे आहेत. पण तेथील कायदा ‘एम’ व ‘एस’ अक्षरांचा टायरहि चालवून घेतो, चर ३.५ मिलिमीटर खोल असले म्हणजे झालें. ठेकेदाराचे जुने टायर या कसोटीस उतरतात. नवे घ्यावे तर मोठी रक्कम. जुने ठेवावे तर दंडाचें भय नाहीं. परंतु त्याच्या मागील आसनावर दोन मदतनीस बसतात. परततांना हौदा रिकामा असतो, रस्ता उताराचा असतो, आणि समोरून कुणाचें तरी कुटुंब लहान मोटारींतून येत असतें. कायदा मागतो तें किमान. खिंडीच्या उतारावर त्याहून अधिक लागतें. त्यानें योग्य भारांकाचा, हिमकणाच्या चिन्हाचा, बारीक चिरांनीं भरलेला टायर घ्यावा, आणि चर ४ मिलिमीटरपर्यंत झिजले कीं तो बर्फापुरता निकामी समजावा. वसंतांत टायर उतरवून ठेवल्यास मऊ रबर उन्हांत झिजत नाहीं. दोन संच आळीपाळीनें वापरल्यानें दोन्ही अधिक काळ टिकतात, आणि पहिल्या दिवशीं जड वाटलेला खर्च कांहीं हिंवाळ्यांत विभागला जातो.

टायर बसविल्यावर एक गोष्ट करावयाची राहते. पहिला बर्फ पडेल त्या दिवशीं मालकानें एखाद्या मोकळ्या आवारांत रिकामा ट्रक सावकाश चालवून ब्रेक लावून पाहावा. गाडी किती पुढें जाऊन थांबते हें एकदां डोळ्यांनीं पाहिलें, म्हणजे पुढच्या गाडीपासून किती अंतर राखावयाचें तें त्याला दुसऱ्या कोणी सांगावें लागत नाहीं.