सतरा नंबरची पिन

आज रेकॉर्डिंग चवदार तळ्याच्या पायऱ्यांवरून, त्यामुळे मागे गाड्यांचे हॉर्न येतील, सांभाळून घ्या.

जुलै 2021 मध्ये महाड पाण्याखाली गेलं, त्यानंतर मी जिन्याखाली सेन्सर लावला. छोटा लिनक्स बोर्ड, 17 नंबरची पिन, पाणी चढलं की भोंगा. गेल्या मे महिन्यात सिस्टिम अपडेट केली, बादली ओतून बघितली, तर भोंगा गप्प!

गंमत म्हणजे जुनी पद्धत कुणी काढलेली नव्हती. सिसएफएसच्या फाइलीत पिनचा नंबर लिहायचा, ती ही पद्धत. 2016 च्या लिनक्स 4.8 पासून ती जुनी ठरली, नवी गपिओचिप आली, 5.10 मध्ये तिचीही सुधारित आवृत्ती निघाली. तरी जुनं ठेवलंय, कारण चालता प्रोग्रॅम कर्नलने मोडायचा नाही, हा तिथला नियम. फक्त मोजणी 512 पासून सुरू झाली. म्हणजे माझी 17 आता 529! रस्ता तोच, घर नंबर बदललेला.

नव्या पद्धतीत आधी चिप उघडायची, मग तिच्यातली 17 नंबरची लाइन मागायची. ही मोजणी त्या चिपपुरतीच. प्रोग्रॅम मेला, तर कर्नल लाइन स्वतः सोडवतो.

माझी स्क्रिप्ट चुलतभावाने पोलादपूरलाही लावलीय. म्हणून ‘पाणी 17’ ही कमांड तशीच ठेवली, आतलं तेवढं बदललं. परवा पुन्हा बादली ओतली. शेजारच्या काकू धावत खाली आल्या.