पायांनी केलेली नोकरी



प्रमुख पाहुणा होण्याची कोणती योग्यता माझ्या अंगी आहे, याचा विचार मी निमंत्रणपत्र हाती पडल्यापासून करीत आहे. मी डॉक्टर नाही, कोणत्याही ग्रंथावर माझे नाव छापलेले नाही, आणि माझी सारी हयात रानातल्या हरणांच्या रोगांचा माग काढणाऱ्या तुकडीतला एक फील्ड टेक्निशियन, म्हणजे जंगलात नमुने गोळा करून ते बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत रुजू करणारा इसम, या नात्याने गेली. परंतु बोलावणे या शाळेचे आले, आणि या शाळेने हाक मारल्यावर उभे राहायचे असते, ही सवय मला इथेच लागलेली आहे. विद्यार्थ्यांना भावी आयुष्याविषयी मार्गदर्शन करावे, असा पत्रात हुकूम आहे. तो मी शिरोधार्य मानतो आणि त्याकडे लवकरच वळतो.

तत्पूर्वी एवढे सांगितले पाहिजे की, ज्या जागी आज हा मंडप उभा आहे त्या जागी आमच्या वेळी चिखल होता. डोंबिवली तेव्हा शहर होण्याच्या बेतात होती, पण झालेली नव्हती. वर्गाच्या खिडकीतून एका बाजूस भातखाचरे आणि त्यांच्या पलीकडे मलंगगड दिसे, दुसऱ्या बाजूस ठाकुर्लीच्या चोळा वीजकेंद्राचा धूर दिसे, आणि वाऱ्याची दिशा त्या धुरावरून ओळखावी असे आम्हांस शिकवणाऱ्या भूगोलाच्या बाई, ज्या आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत आणि माझे उच्चार पूर्वीच्याच कठोरपणे तपासत आहेत, त्यांचे ऋण या व्यासपीठावरून फेडता येण्यासारखे नाही. बाईंनी एकदा सर्व वर्गाला घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा नकाशा स्मरणाने काढावयास सांगितले. विहिरी, चिंचा, पिठाची गिरणी, कोणाचे कुत्रे कोठे बांधलेले असते, हे सारे आम्ही पायी येणाऱ्यांनी भराभर मांडले; मात्र वडिलांच्या सायकलवर पुढच्या दांडीवर बसून येणारा आमचा एक वर्गमित्र, जो गणितात आम्हां सर्वांचा गुरू होता, त्याच्या कागदावर दोन टोके आणि त्यांना जोडणारी एक सरळ रेघ एवढेच होते. बाई त्याला रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून चालत ये, एवढेच म्हणाल्या. माझ्या पुढील नोकरीची पात्रता-परीक्षा मी त्याच दिवशी उत्तीर्ण झालो, असे मी मानतो.

आता हरणांकडे वळतो. चितळ, सांबर, भेकर ही आपल्या महाराष्ट्राच्या रानांतली हरणे. त्यांतली चितळ-सांबरे पाहावयास मेळघाट-ताडोबापर्यंत जाण्याचेही कारण नाही, आपल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती आहेत. या जनावरांना लाळ-खुरकूत होते, फाशी होते, आणि पूर्वी बुळकांडीही होत असे. हे रोग बहुधा गावच्या गुरांकडून जंगलाच्या सीमेवरच्या सामाईक कुरणांतून आणि पाणवठ्यांवरून आत जातात. हरणाला दावणीला बांधून सुई टोचता येत नाही. म्हणून रान वाचवायचे तर लस गावातल्या गाईला टोचावी लागते. बुळकांडीचा इतिहास हेच सांगतो. गुरांच्या साथींच्या अभ्यासासाठी १८८९ साली आपल्या पुण्यात एक प्रयोगशाळा स्थापन झाली आणि १८९३ साली ती हिमालयात मुक्तेश्वरास हलविण्यात आली. तिथपासून पिढ्यान्‌पिढ्या गोठ्यागोठ्यांत जाऊन गुरे टोचणाऱ्या अनामिक कर्मचाऱ्यांच्या कष्टांतून २००६ साली भारत आणि २०११ साली सारे जग बुळकांडीमुक्त जाहीर झाले. एकाही चितळाला सुई न लावता चितळांचा एक रोग नाहीसा झाला!

रोग हुडकण्यापासून लस टोचण्यापर्यंतच्या साखळीतले आमचे काम हे पहिले कडे. मेलेले जनावर आढळले की वनखात्याच्या पंचनाम्यासमवेत त्याची तपासणी करावयाची, प्लीहा, यकृत, लसिकाग्रंथी यांचे तुकडे घ्यावयाचे; मात्र नाकातोंडातून काळसर, न गोठणारे रक्त आले असेल तर फाशीचा संशय धरून सुरीला हात लावावयाचा नाही, कारण ते कलेवर उघडल्यास जंतूंना हवा लागून त्यांचे चिवट बीजाणू बनतात आणि ते मातीत वर्षानुवर्षे टिकतात. तेव्हा कानाच्या शिरेतून एक थेंब रक्त काचपट्टीवर घेऊन बाकीचे जसेच्या तसे विल्हेवाटीस द्यावयाचे. गोचिडींसाठी तर आम्ही पांढरे फडके पाल्यापाचोळ्यावरून ओढीत चालतो. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात सापडलेला आणि २०१६ साली सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात येऊन ठेपलेला माकडताप गोचिडींनीच पसरतो, आणि त्या गोचिडी गुरांच्या व हरणांच्या रक्तावरही पोसल्या जातात. अधिक शास्त्र सांगण्याचा माझा विचार होता. परंतु तिसऱ्या रांगेत दोन चिरंजीवांनी डबा उघडलेला मला दिसतो आहे, तेव्हा मुद्द्यावर येतो.

मुद्दा एकच आहे: पायी चाला. जीपमधून रानात हिंडणाऱ्या माणसास जे हरीण दिसते ते बहुधा निरोगी असते, कारण रस्त्याच्या कडेला उभे राहून गाडी येताच उडी मारून जाण्याचे बळ त्याच्या अंगी असते. आजारी हरीण कळपापासून फुटते, खूर दुखतो म्हणून तीन पायांवर चालते, आणि ताप चढला की ओढ्याकाठच्या दाट जाळीत जाऊन बसते. त्या जाळीपर्यंत रस्ता नसतो. जे चालले त्यांनाच रोग सापडला, एवढाच माझ्या सर्व वर्षांचा अहवाल आहे. आणि जी गोष्ट रानाची तीच गावाची. वाहनातून दिसतो तो समाजाचा निरोगी, रंगविलेला दर्शनी भाग. कोणाच्या घरी चूल पेटली नाही, कोणता म्हातारा ओट्यावर चार दिवस दिसलेला नाही, कोणत्या गटाराचे पाणी विहिरीकडे वळले आहे, हे चालणाऱ्यालाच कळते.

म्हणून पालकहो, आता माझा रोख आपल्याकडे आहे. आज सायंकाळी मी शाळेच्या फाटकापाशी काही वेळ उभा होतो. रिक्षा, दुचाक्या आणि मोटारी यांची तिथे जी कोंडी झाली होती, तिच्यातून वाट काढणे मला जितके अवघड गेले, तितके सांबरांच्या कळपातूनही कधी गेले नव्हते; आणि त्या गाड्यांतून उतरलेली पुष्कळशी मुले समोरच्या दोन आळ्यांत राहणारी निघाली. रस्त्यांवर रहदारी आहे, पदपथ नाहीत, हे मी जाणतो, आणि पहिल्या रांगेत उपस्थित असलेले नगरसेवकमहाशयही जाणतात. त्यांनी मान डोलाविली आहे, ती सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावी, अशी माझी चिटणिसांना विनंती आहे. परंतु पदपथ होईपर्यंत मुलांचे पाय वाट पाहत बसणार नाहीत. दहा मुलांची एक टोळी करा, आळीपाळीने एक पालक बरोबर द्या, आणि त्यांना चालवत शाळेत पाठवा.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही डॉक्टर व्हा, अभियंते व्हा, सनदी अधिकारी व्हा. ज्या खात्यात जाल त्या खात्याची हद्द एकदा पायी फिरून या, आणि मगच खुर्चीवर बसा. मार्गदर्शन म्हणतात ते माझ्यापाशी एवढेच होते.

बक्षीससमारंभ खोळंबला आहे, आणि अध्यक्षमहाराजांनी दुसऱ्यांदा घड्याळ पाहिले आहे. मला स्टेशनपर्यंत पोचविण्यासाठी त्यांनी आपली मोटार ठेवली आहे, त्याबद्दल मी अंतःकरणपूर्वक आभार मानतो आणि ती साभार परत करतो. फडके रोडवरून स्टेशन काही लांब नाही. अध्यक्षमहाराज व नगरसेवकमहाशय बरोबर येतील, असे मी गृहीत धरले आहे. इतर कोणास यावयाचे असल्यास त्यांनी कार्यक्रमानंतर फाटकापाशी थांबावे.