कोतवाल बुकातली माणसं



2023 साली मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि गावोगावची जुनी दप्तरं कपाटांतून बाहेर निघाली. कोतवाल बुकं, शाळांची जनरल रजिस्टरं पानोपान चाळली गेली. मोडी लिपी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. शोध एका नोंदीचा होता, तो झाला की वही मिटायची. पण त्याच पानांवर गावातले सुतार होते, कोळी होते, मुलाणी होते, बाळंतपणात गेलेल्या बायका होत्या. त्यांच्यासाठी ही दप्तरं पुन्हा उघडावीत, आणि ती गावातल्या लिहित्या माणसांनी मिळून उघडावीत, असं मला मनापासून वाटतं.

कोतवाल बुक म्हणजे गावची जन्ममृत्यूची वही. त्यातली 1918 च्या दसरा-दिवाळीची पानं काढून बघा. इन्फ्लुएंझाची साथ तेव्हा ऐन भरात होती. लोक तिला मानमोडी म्हणत. सरकारी नोंदींत मात्र यातले बहुतेक मृत्यू नुसते 'ताप' म्हणून लागले. एका घरातली दोन-तीन नावं लागोपाठ दिसली, तर त्या घरात मागं कोण उरलं? त्या साली त्यांची ज्वारी कुणी पेरली? वहीत हे नाही. ते कल्पनेनंच लिहावं लागेल.

शाळेच्या रजिस्टरात तर एक रकानाच आहे, शाळा सोडल्याच्या कारणाचा. तिथं 'सतत गैरहजर' एवढंच लिहिलेलं असतं. तिसरीतली मुलगी सतत गैरहजर का होती, हे सांगणारी आजी कदाचित आजही तुमच्या आळीत असेल. तिला आधी विचारा, मग लिहा.

एक पथ्य मात्र कसोशीनं पाळायला हवं. नोंदीतली तारीख, वय, कारण बदलायचं नाही. आपण रचलेलं कुठलं, हे वाचणाऱ्याला स्पष्ट सांगायचं. ज्यांची घरं आज गावात नांदताहेत, त्यांची नावं त्यांना विचारल्याशिवाय घ्यायची नाहीत.

जुन्या नोंदी मोडीत असल्या, तरी ती अडचण सुटण्यासारखी आहे. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. गावातला एक जण शिकला तरी पुरे. तेव्हा तलाठ्यांकडे, मुख्याध्यापकांकडे रीतसर परवानगी मागा. चार जण वाचनालयात बसा, प्रत्येकानं एकेक नोंद घ्या, पानभर लिहा आणि येत्या ग्रामसभेत ते मोठ्यानं वाचून दाखवा.